काका, हवा सोडा

कोलोनोस्कोपी, म्हणजे मागच्या दाराने कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं तपासणं, करायची ठरली आणि मी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, दुखतं का? डॉक्टर म्हणाले, "थोडं अनकम्फर्टेबल वाटेल." डॉक्टर लोक हा शब्द कशाकशासाठी वापरतात ते माहीत असल्यामुळे मी घाबरलोच.

मग त्यांनी जे सांगितलं ते मात्र भारी होतं. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापलेलं कळतच नाही. तपासणीसाठी तुकडा काढा, पॉलिप म्हणजे आत वाढलेला कोंब कापा, त्याला पत्ता नाही. पण जरा ताणलं की बोंब! आणि ही तपासणी म्हणजे नुसती ताणाताणी. एरवी मिटलेलं आतडं नीट दिसावं म्हणून त्यात हवा भरायची, वर ती लांबलचक नळी पुढे सरकवताना डाव्या बाजूच्या नागमोडी वळणात तिचा वेढा पडतो, मग आतडं ज्या पडद्याला टांगलेलं असतं तोच ओढला जातो, खरी कळ तिथली. म्हणून काही ठिकाणी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड भरतात, तो पटकन रक्तात शोषला जातो आणि श्वासावाटे निघून जातो, म्हणजे जे खालून गाजावाजा करत जायचं ते नाकातून सभ्यपणे जातं. विज्ञानाने माणसाची इज्जत वाचवल्याची उदाहरणं फार नाहीत, हे एक.

औषधांचेही प्रकार. प्रोपोफॉल, दुधासारखं पांढरं, दिलं की माणूस गाढ झोपतो, पण लक्ष ठेवायला बहुतेक वेळा भूलतज्ज्ञ लागतो. नाहीतर मिडाझोलाम आणि फेंटानिल, एकाने गुंगी, दुसऱ्याने वेदना कमी. कुठेकुठे निम्मा नायट्रस ऑक्साइड निम्मा ऑक्सिजन हुंगायला देतात, हो तोच हसवणारा वायू (त्या परिस्थितीत हसू येणार असेल तर वायूला सलाम). आणि काही शूर मंडळी काहीच घेत नाहीत. अकिरा होरिउची नावाच्या जपानी डॉक्टरांनी तर बसल्या बसल्या स्वतःची कोलोनोस्कोपी स्वतःच केली, 2018 चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळतं ते) मिळालं त्यांना. मला माझ्या डोळ्यात थेंब टाकता येत नाहीत.

मी गुंगीवालं घेतलं. डाव्या कुशीवर झोपवलं, सलाईनमधून औषध गेलं, नळी वळणावर अडली म्हणून सिस्टर पोट दाबत होत्या आणि म्हणत होत्या, "काका, हवा सोडा. लाजू नका." अहो, जन्मभर चारचौघांत जे दात ओठ खाऊन रोखलं ते आता चार अनोळखी माणसं आग्रहाने मागतायत, आणि नेमकं तेव्हाच होत नाही! एवढंच आठवतंय.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "दुखलं का हो?" मी रुबाबात म्हटलं, छे, अजिबात नाही. सिस्टर तिथेच होत्या. "काय काका, चांगले ओरडत होतात की!"

मिडाझोलामचा हाच तर गुण, तेवढ्या वेळाची आठवणच राहत नाही. मग मला दुखलं की नाही दुखलं? दुखलं असेल तर कुणाला? डॅनियल काहनेमान, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले, ते आणि त्यांचे सहकारी नेमके यातच शिरले होते. 2003 साली छापलेल्या त्यांच्या प्रयोगात 682 पेशंट होते, त्यातल्या निम्म्यांना तपासणी संपल्यावरही नळीचं टोक तीनेक मिनिटांपर्यंत तसंच आत ठेवलं, न हलवता. म्हणजे त्रास उलट लांबला, पण शेवट सौम्य झाल्यामुळे त्यांच्या आठवणीत एकूण दुखणंच कमी उरलं! संशोधन पटलं. पण ती जादा मिनिटं मी काही मागून घेणार नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला. चोवीस तास गाडी चालवू नका, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करू नका असं सांगून झालं, तरी बायकोचं समाधान होईना. "ओरडताना नाव कुणाचं घेत होते हो?"

सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टरांचं. पण त्याच्या पुढे जे लावत होते ते राहू द्या."