रोलराइटचा राजा आणि पाववाला

शिलावर्तुळाचा, म्हणजे प्राचीन काळी गोलाकार उभ्या केलेल्या दगडांचा विषय निघाला की ते बांधायला कुणीतरी परग्रहवासी उतरवतंच. तो सिद्धान्त खोटा आहे हे सोडा, मला तो भयंकर कंटाळवाणा वाटतो. लोकांनी रचलेल्या गोष्टी त्याहून कितीतरी भारी असतात.

इंग्लंडमधलं रोलराइट घ्या. ऑक्सफर्डशायर-वॉरिकशायरच्या सीमेवर, टेकडीच्या माथ्यावर सुमारे ३३ मीटर व्यासाचं वर्तुळ. जरा दूर एक एकटा उभा दगड, आणि दुसरीकडे एकमेकींकडे झुकलेल्या काही शिळा.

गोष्ट अशी. राजा फौज घेऊन निघाला होता, वाटेत चेटकीण आडवी आली. म्हणाली, सात ढांगा टाक. लाँग कॉम्प्टन गाव दिसलं तर इंग्लंडचा राजा तूच. गडी खूश! सातवी ढांग पडली आणि समोरची जमीनच वर आली. गाव दिसेना. राजा, शिपाई, बाजूला कुजबुजत कट शिजवणारे सरदार, सगळ्यांचे दगड झाले. चेटकीण स्वतः एल्डरचं झाड होऊन बसली.

पुरातत्त्ववाले म्हणतात, ‘सरदार’, म्हणजे त्या झुकलेल्या शिळा, हे नवाश्मयुगातलं दफनस्थान, इ.स.पू. ३५०० च्याही आधीचं. वर्तुळ इ.स.पू. २५०० च्या आसपासचं. ‘राजा’, तो एकटा दगड, तर त्याहून हजारेक वर्षांनी धाकटा! तिघांची कधी गाठच पडली नव्हती, गावकऱ्यांनी त्यांना एका फौजेत भरती करून टाकलं. पण नजर पक्की होती हं त्यांची. राजाच्या दगडापाशी खरोखरच एक उंचवटा आहे.

हे दगड मोजता येत नाहीत, असंही म्हणतात. एका पाववाल्यानं प्रत्येक दगडावर एकेक पाव ठेवून पाहिला, तरी हिशेब जुळेना. मला यात भूतबित काही दिसत नाही. चुनखडक आहे तो, ऊन-पावसानं पार चाळण झालेला, जागोजागी फुटलेला. त्यात पडलेले दगड १८८२ मध्ये पुन्हा उभे केले. यातला अख्खा दगड कुठला आणि तुकडा कुठला, हे कोण ठरवणार? हल्ली साधारण ७७ धरतात.

पुढे क्रीट बेटावरचा क्नोसॉसचा प्राचीन राजवाडा उकरणाऱ्या आर्थर एव्हान्सनं १८९५ मध्ये या गोष्टी गोळा करून छापल्या. शहाणा माणूस.

लोककथांमुळे जुन्या वास्तू टिकतात, असं आपण हौसेनं म्हणतो. इथल्या राजाला ते लागू नाही. गुरं हाकत जाणारे लोक नशीब उजळावं म्हणून त्याच्या कपच्या काढून न्यायचे, आणि तो असा वाकडातिकडा दिसतो त्यात त्यांचा हात मोठा. आता त्याच्याभोवती लोखंडी कुंपण आहे.