शिकवणी वर्गाला अनुदान हवंय? मग आधी पोरांना विसरा

गावातली पोरं चौथीत गेली तरी हातच्याची वजाबाकी अडते, म्हणून तुम्हाला संध्याकाळचे मोफत वर्ग काढायचेत? काढा की. सरकारकडे त्यासाठी पैसाही आहे म्हणतात. आमचा प्रस्ताव गेल्याच आठवड्यात पुन्हा त्रुटीत परत आलाय, तेव्हा ताज्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो. पोच मागू नका, आम्हालाही कोणी देत नाही.

पहिलं म्हणजे संस्था हवी. संस्था म्हणजे काम करणारी माणसं, असा समज असेल तर काढून टाका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी, पॅन, स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, आयकर सवलतीची ८०जी आणि १२अ ही प्रमाणपत्रं, याला संस्था म्हणतात. १२अ पूर्वी एकदा काढलं की निवांत असायचं, २०२१ पासून त्यालाही मुदत आली. आणि आयकराचं १२अ वेगळं, अनुदान कुठं खर्चलं ते सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना १२-अ वेगळा, एवढं पाठ करूनच भाऊसाहेबांच्या टेबलापुढं उभं राहा.

एखादा विश्वस्त वारला असेल तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज टाका. तो मंजूर होईपर्यंत बाकीचे धडधाकट ठेवा.

तीन वर्षांचं ऑडिट लागतं. वर्ग चालवायला पैसे नाहीत म्हणून अर्ज करताय ना? मग आधी पैशाविना तीन वर्षं वर्ग चालवल्याचा हिशोब जोडा. यात काही विचित्र वाटत असेल तर तुम्ही अपात्र.

राहता जिल्हा विचारपूर्वक निवडा. आम्ही धाराशिवचे. संस्थेच्या दाखल्यावर उस्मानाबाद, लेटरहेडवर धाराशिव, म्हणून शेरा आला, 'पत्ता जुळत नाही'. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये सरकारनंच बदललं, राजपत्र सरकारचंच, पण दोन्ही जिल्हे एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आम्ही. तेही बाँडवर. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा बाँड चालत नाही, पाचशेचा लागतो. पाचशे रुपयांत आमच्या वर्गाचे महिनाभराचे खडू-वह्या होतात, पण ते असो.

टक्केवारीबद्दल मी काही लिहिणार नाही. तुम्हाला माहीत आहे.

फोटो जीपीएसवाले काढा. अक्षांश-रेखांश स्पष्ट दिसले पाहिजेत, पोरं नाही दिसली तरी चालतं.

आता वेळेचं नियोजन. आमच्या वाशी-कळंब-भूमकडं दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाची वाहनं गावात येऊन थांबतात. उचल घेतलेली असते, जोडपं मिळून एक कोयता, निघावंच लागतं. घरी आजी असली तर पोरं मागं राहतात, नसली तर फडावर, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत. मागं राहिलेल्यांसाठीच तर वर्ग. आमच्याकडं तिसरीतला एक पोरगा मांडीवर धाकटी बहीण घेऊन पाढे म्हणतो, कारण तिला सोडलं की ती रडते आणि आजीला दिसत नाही. शिकवणारी पोरगी बारावी झालेली, मारुतीच्या सभामंडपात बसते, लाइट गेली की मोबाइलच्या उजेडात फळा. म्हणजे पैसे लागतात ते ऑक्टोबर ते मार्च. आणि मंजूर झालेली रक्कम खात्यात येते कधी? मार्चच्या शेवटच्या आठवड्यात! सोबत पत्र, ३१ तारखेच्या आत खर्च दाखवा, नाहीतर परत भरा. चार दिवसांत कुणाला काय शिकवणार? खुर्च्या घेता येतात. प्रोजेक्टर घेता येतो. बॅनर तर एका तासात छापून मिळतं. शिकवणाऱ्या पोरीचं मानधन मात्र खर्चाच्या 'शीर्षात बसत नाही'. प्रोजेक्टर बसतो! सभामंडपात धड विजेचा बोर्डसुद्धा नाही ओ, तो प्रोजेक्टर लावायचा कुठं? मारुतीच्या गदेला?

आणि तिकडं ऑफिसच्या भिंतीवर निपुण भारतचं पोस्टर. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता यावं, आकडेमोड यावी. येणार कशी? स्पायरल बाइंडिंग करून? तीन प्रतीत?

साहेब, त्रुटी असतील तर सगळ्या एकाच पत्रात कळवा ना. एक पूर्ण केली की दुसरी काढायची, ती केली की टेबलच बदललेलं, ही तपासणी नाही, छळ आहे. कागद एकदा तपासले की वर्षभर तेच धरा. जाहिरात मे महिन्यात काढा, दसऱ्याच्या आधी पैसे टाका, शिकवणाऱ्याला मानधन द्या. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, खुर्चीत बसून काम करावं लागतं फक्त.

स्वतःच्या पोराला लातूरला क्लास लावताना तुम्ही फी मार्चएंडला भरता का? वर्ग सुरू व्हायच्या आधीच रांगेत उभे असता. मग आमच्याच पोरांना का थांबवताय?