नॅम्बी-पॅम्बीमागे खराखुरा माणूस आहे!
'नॅम्बी-पॅम्बी' (namby-pamby) या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'लेचापेचा, गुळमुळीत'. पण हे नुसतं यमक नव्हे. अँब्रोज फिलिप्स नावाचा इंग्रज कवी बड्या घरच्या लहानग्यांवर लाडिक, तोकड्या ओळींच्या कविता करायचा. हेन्री केरी या दुसऱ्या कवीने १७२५ च्या सुमारास त्याची यथेच्छ टर उडवली: अँब्रोजचं बोबडं 'नॅम्बी', आणि फिलिप्सच्या आद्याक्षरावरून जोडीला 'पॅम्बी'. त्या काळचा नावाजलेला कवी अलेक्झांडर पोप, त्याचं फिलिप्सशी आधीपासूनच वाकडं, त्यानेही हे नाव उचललं. (कवींची भांडणं, दुसरं काय!) तो कुत्सितपणा शब्दात अजून मुरलेला आहे. कणखर भूमिका न घेणाऱ्या सरकारला किंवा पोरांना न रागावणाऱ्या मास्तरांना तो चिकटवतात. त्यामुळे कौतुकाने कुणाला म्हणायला जाऊ नका. फिलिप्सवर मात्र जरा अन्यायच झाला.