कॅलरींचा हिशेब जुळला म्हणजे अन्न सारखे झाले, हे खरे नाही

पाकीटबंद पदार्थांच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद सध्या सर्वत्र फिरतो आहे. स्वयंपाक हीसुद्धा प्रक्रियाच असल्याने ‘प्रक्रियायुक्त’ या शब्दाचा बाऊ करू नये. कॅलरी कोठूनही आली तरी ती कॅलरीच. तेव्हा वेष्टनावरील आकडे वाचून बेताने खावे, आणि एवढे करूनही वजन वाढलेच तर तो संयमाचा अभाव समजावा, असे त्याचे सार आहे. यातील प्रत्येक मुद्द्यात सत्याचा अंश असल्यामुळेच तो सहज पटतो, आणि म्हणूनच त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

पहिला मुद्दा प्रक्रियेचा. दळणे, शिजवणे, आंबवणे, दुधाचे पाश्चरीकरण या प्रक्रियाच आहेत, आणि त्यांना कोणी जाणकार दोष देत नाही. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेइरो यांनी 2009 मध्ये जो विचार मांडला आणि ज्यातून पुढे प्रक्रियेच्या प्रमाणानुसार अन्नाचे चार गट पाडणारी ‘नोव्हा’ ही वर्गवारी घडली, त्यानुसार गोठवलेले मटार पहिल्याच गटात बसतात. आक्षेप आहे तो चौथ्या गटाला, म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन (पिठूळ पदार्थांपासून काढलेली भुकटी), ग्लुकोज सिरप, वेगळी काढलेली प्रथिने, इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारी द्रव्ये) आणि स्वादद्रव्ये यांच्या जुळणीतून तयार होणाऱ्या अतिप्रक्रियायुक्त पदार्थांना. या गटातील सर्वच पदार्थ सारखे अपायकारक आहेत असे मीही म्हणणार नाही. परंतु भाजी चिरणे आणि धान्याचे घटक सुटे करून त्यांतून नवाच पदार्थ घडवणे ही दोन कामे एकाच मापाने मोजणे ही शब्दांची गल्लत आहे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. कॅलरी हे ऊर्जेचे माप आहे, आणि माप म्हणून ते बिनचूक आहे. मात्र अन्नातील किती ऊर्जा अंगी लागते आणि पोट भरल्याची जाणीव कधी होते, हे अन्नाच्या घडणीवर अवलंबून असते. 28 ग्रॅम बदामांत रूढ हिशेबाने सुमारे 170 कॅलरी असतात. अमेरिकेच्या कृषी विभागातील संशोधकांनी 2012 मध्ये प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा शरीराला त्यांतून सुमारे 129 कॅलरीच मिळाल्याचे आढळले. चावूनही न फुटलेल्या पेशींत काही तेल अडकून राहते आणि न पचताच बाहेर पडते. सफरचंदाचा प्रयोग तर 1977 चा आहे. तेच फळ अखंड खाल्ले, त्याचा लगदा केला आणि त्याचा रस काढला. रस अखंड फळाच्या अकरापट वेगाने संपला, पोट सर्वांत कमी भरल्यासारखे वाटले, आणि रसानंतर इन्सुलिन अधिक वाढून रक्तातील साखर नंतर झपाट्याने खाली आली. साखर तीच होती. चावण्याचे काम आणि फळातील तंतू तेवढे नाहीसे झाले होते.

संयमाच्या मुद्द्याला आहारसंशोधक केव्हिन हॉल यांच्या 2019 च्या प्रयोगाने उत्तर दिले आहे. वीस प्रौढांना अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न देण्यात आले. समोर मांडलेल्या जेवणातील कॅलरी, साखर, स्निग्धांश, मीठ आणि तंतू जुळवलेले होते (तंतू तर पेयांत मिसळून जुळवावे लागले), आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त आहारात तीच माणसे दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊ लागली आणि त्यांचे वजन सरासरी 0.9 किलोने वाढले. साध्या आहारात तेवढेच घटले. प्रयोग लहान आणि थोड्या काळाचा होता, हे मान्य करायलाच हवे. तरीही दोन आठवड्यांत माणसाचा स्वभाव पालटत नाही. येथे पालटले होते ते ताटातील अन्न.

राहिले वेष्टनावरील आकडे. ते अवश्य वाचावेत; मात्र 30 ग्रॅमच्या एका वाढणीचा आकडा ठळक छापलेला असतो आणि पाकीट 90 ग्रॅमचे असते, तेव्हा गुणाकार आपल्यालाच करावा लागतो. घास किती झपाट्याने खाली उतरेल, हे तर तेथे कधीच लिहिलेले नसते.