सगळ्यांत जाड पॅड घेतलं, तरी बसवत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सायकलिंग शॉर्ट कशी निवडावी या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात: तुम्ही चौदाशे रुपयांना जेल भरलेली, दुकानातली सगळ्यांत जाड पॅडची (पॅड म्हणजे शॉर्टच्या आत बुडाखाली शिवलेली गादी) शॉर्ट घेतलीत, तरी पन्नास किलोमीटरनंतर सीटवर टेकवेना. आतून अंडरवेअर घालू नये हा सल्ला तुम्हाला गलिच्छ वाटला. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, की गावातला दूधवाला जन्मभर धोतरावर सायकल चालवायचा, त्याला कधी पॅड लागलं नाही, तेव्हा हे सगळे कंपन्यांचे चोचले.

पहिल्या तक्रारीत दोष आमच्या लेखाचा आहे. त्यात पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये देणारा तक्ता होता, आणि तो बघून जास्त आकडा म्हणजे जास्त आराम असंच कुणीही समजेल. तो तक्ता आता काढला आहे. अंडरवेअरबद्दल मात्र तुमचं पटत नाही. दूधवाल्याचं उदाहरण तर तुमच्यापेक्षा आमच्याच बाजूने बोलतं, त्याकडे येऊच.

आधी जाडी. दगडी पायरीवर बसल्यावर बुडाची जी दोन हाडं टोचतात, सायकलवर भार त्यांनीच घ्यायचा असतो. त्या दोन टोकांच्या मधला आणि पुढचा भाग मऊ आहे, त्यातून नस आणि रक्तवाहिन्या जातात. त्याने भार घेणं अपेक्षित नाही. लुसलुशीत जाड पॅडवर बसलं की हाडं खाली रुततात आणि दबलेला ऐवज बाजूला सरकून नेमका मधल्या भागात वर येतो. दुधाच्या भरलेल्या पिशवीवर थोडं अंतर ठेवून दोन बोटं दाबा, बोटांच्या मधे पिशवी कशी फुगते ते दिसेल. जेल दाबलं की आक्रसत नाही, नुसतं सरकतं, त्यामुळे त्यात हे जास्त होतं. शिवाय त्यातून हवा खेळत नाही. म्हणून दुकानात आणि पहिल्या दहा किलोमीटरमध्ये झकास वाटणारं पॅड चाळीस-पन्नासच्या पुढे छळायला लागतं.

बघायची ती घनता. लांब पल्ल्याच्या चांगल्या पॅडमध्ये हाडांखालचा फोम साधारण 80 ते 120 किलो प्रति घनमीटर इतका घट्ट असतो आणि कडेला पातळ होत होत संपतो. जाडी 10-12 मिलिमीटर असली तरी पुरते. घनता लेबलवर क्वचितच छापलेली असते, पण हाताला कळते. शॉर्ट उलटी करा, पॅड टेबलावर सपाट ठेवा, मूठ वळून मधल्या बोटाच्या सांध्याने हाडांखालच्या जाड भागावर जोर देऊन दहा सेकंद दाबा. खालचं टेबल स्पष्ट लागलं तर तो फोम तुमच्या वजनाखाली तासाभरात चपाती होणार. सांधा उचलल्यावर खड्डा लगेच भरला पाहिजे. मग पॅडच्या कडेवरून अंगठा फिरवा. कड पायरीसारखी उभी लागली तर पेडल मारताना प्रत्येक फेरीला ती मांडीच्या आतल्या बाजूला घासेल. मिनिटाला 80 फेऱ्या धरल्या तर तासाला 4,800 वेळा. एवढ्या घासण्याने काय सोलवटून निघणार नाही?

पॅडचा जाड भाग तुमच्याच हाडांखाली येतो का, हे घरी तपासता येतं आणि फार कमी लोक ते करतात. खोक्याचा नालीदार पुठ्ठा एका कठीण स्टुलावर ठेवा. पातळ कपड्यावर त्यावर बसा, पाय एखाद्या पाटावर उंच घ्या, थोडं पुढे झुका आणि स्टुलाच्या कडा धरून स्वतःला मिनिटभर खाली ओढा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. उजेड तिरका पडू दिला की नीट दिसतात. दोन्हींच्या मध्यांमधलं अंतर मोजा. बहुतेकांचं 10 ते 15 सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. आता शॉर्टचं पॅड त्या पुठ्ठ्यावर आंथरा. पॅडचे दोन जाड उंचवटे खळग्यांवर बसले पाहिजेत. खळगे उंचवट्यांच्या बाहेर जात असतील तर ती शॉर्ट कितीही महाग असो, तुमची नाही.

हाच आकडा सीटलाही लागतो. मध्यम वाकून चालवत असाल तर सीटची रुंदी या अंतरापेक्षा साधारण दोन-अडीच सेंटिमीटर जास्त हवी. ताठ बसत असाल तर आणखी थोडी. सीट अरुंद असेल तर हाडं तिच्या उतारावर येतात आणि भार पुन्हा मधे जातो. तिथे पॅड काही करू शकत नाही. सीटवर वेगळं जेलचं कव्हर चढवलं असेल तर ते आजच काढा. वर जाड पॅड आणि खाली कव्हर म्हणजे गादीवर गादी, आणि कव्हर सरकतं ते वेगळंच.

साइझबद्दल. आपल्याकडे जीन्सच्या कंबरेवरून साइझ सांगायची सवय आहे, इथे ती फसवते. नितंबांचा सगळ्यांत रुंद घेर आणि मांडीचा घेर मोजा, आणि त्या त्या कंपनीचा तक्ता बघा. एका कंपनीची एल दुसरीची एम निघते. दोन साइझच्या मधे अडकलात तर लहान घ्या, फक्त मांडीवरच्या पट्टीचा वळ खोल उठत नाही ना एवढं बघा. शॉर्ट घालून आरशासमोर ताठ उभं राहून निर्णय घेऊ नका. ताठ उभं असताना पॅड पुढे फुगलेलं, बाळाच्या लंगोटासारखं वाटतं आणि कंबरेला कापड ओढल्यासारखं होतं. ते तसंच असायला हवं, कारण शिवण वाकलेल्या माणसासाठी आहे. ट्रायल रूममध्ये भिंतीवर हात टेकवून हँडल धरल्यासारखे वाका, मग एकेक गुडघा छातीकडे घ्या. पॅड कातडीबरोबर हललं पाहिजे, कातडीवरून नाही. जांघेत कापडाची घडी पडत असेल तर परत द्या. उभं असताना अगदी आरामशीर वाटणारी शॉर्ट बहुधा सैलच असते.

वाकलेले असतानाच सोबतच्या माणसाला मागून बघायला सांगा. कापडातून कातडी दिसत असेल तर ते पातळ आहे किंवा मर्यादेबाहेर ताणलंय. नायलॉनमध्ये 20 टक्क्यांच्या आसपास इलॅस्टेन, म्हणजे आपण ज्याला सरसकट लायक्रा म्हणतो ते, असलं की पकड चांगली टिकते. शिवणी चपट्या हव्यात. उलट्या बाजूने बोट फिरवल्यावर उभी कड लागू नये. कापडाचे सहा तुकडे जोडून शिवलेली शॉर्ट की आठ, यावर मात्र फार डोकं शिणवू नका. शिवण जिथे पडायला नको तिथे पडत नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट जास्त चांगली, हे मत कायम आहे. कंबरेचं इलॅस्टिक पोटात रुतत नाही आणि पट्टे पॅड वर धरून ठेवतात, घामाने जड झालं तरी ते खाली ओघळत नाही. अडचण लघवीला जाताना, आणि बायकांना ती फार; जर्सी काढून पट्टे उतरवायचे, तेही हायवेवरच्या ढाब्याच्या बाथरूममध्ये. मागून हुकने सुटणारी बिब मिळते, नाहीतर रुंद, उंच कंबरपट्ट्याची साधी शॉर्ट घ्यावी, दोरीवाली नको. बायकांसाठीचं पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड असतं. पुरुषांच्या शॉर्टला गुलाबी पट्टी लावून ‘लेडीज’ म्हणून खपवलेला मालही बाजारात आहे, तेव्हा आतलं पॅड उलटून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅड सरकतो आणि त्याच्या कडा घासतात, म्हणून लांबच्या राइडला बऱ्याच जणी कप किंवा टॅम्पॉन पसंत करतात.

आता अंडरवेअर. तिची शिवण बरोबर जांघेच्या घडीत येते, जिथे घर्षण सगळ्यांत जास्त. सुती कापड घाम शोषतं आणि धरून ठेवतं. ओली कातडी कोरडीपेक्षा लवकर सोलवटते. पॅडवरचं कापड घाम कातडीपासून दूर ओढायला बनवलेलं असतं, मधे सुती थर आला की ते काम थांबतं. तुम्हाला जे गलिच्छ वाटतंय त्याचा उपाय धुण्यात आहे: शॉर्टलाच अंडरवेअर समजायचं आणि प्रत्येक राइडनंतर धुवायचं. एकच शॉर्ट घेऊन शनिवारची रविवारी पुन्हा चढवणं हे खरोखर गलिच्छ आहे, आणि त्याने केसतुडंही होऊ शकतात. त्यामुळे चार हजारांत एक भारी शॉर्ट घेण्यापेक्षा दोन-दोन हजारांच्या दोन बऱ्या घ्या. लाज वाटत असेल, आणि गावातून जाताना, चहाच्या टपरीवर उतरताना ती वाटणं साहजिक आहे, तर वरून सैल हाफ पँट घाला. वर काहीही चालतं, आत काही नको. जाड शिवणीची जीन्स तेवढी वरूनही नको.

जांघेत घर्षण होतंच असेल तर शॉर्ट घालण्याआधी शॅमी क्रीम, म्हणजे घासणं कमी करणारं मलम, बोटावर मावेल एवढं घेऊन कातडीला लावा, पॅडच्या कडा जिथे येतात तिथेही. व्हॅसलिन स्वस्त आहे आणि काम करतं, पण पॅडमध्ये मुरतं, धुतल्यावर नीट निघत नाही आणि कापडाची घाम ओढायची ताकद घालवतं.

या शॅमी शब्दातच दूधवाल्याचं उत्तर आहे. पॅडला सायकलवाले शॅमी म्हणतात ते आल्प्समधल्या एका बकरीवर्गीय जनावराच्या नावावरून. जुन्या काळी युरोपातले शर्यतपटू लोकरीच्या चड्डीत आतून त्याच्या मऊ चामड्याचा तुकडा शिवून घेत. त्यात फोम नव्हता, गादी नव्हती. काम एकच, कातडीला शिवण लागू न देणं. धुतल्यावर चामडं वाळून कडक व्हायचं, म्हणून त्याला मलम चोळायचे. आजचं क्रीम तिथून आलं. म्हणजे पॅडचं मूळ काम घर्षण टाळणं, भार पेलण्याची जबाबदारी त्याच्यावर नंतर पडली. दूधवाला काळ्या दांडीच्या सायकलवर पाठ ताठ ठेवून बसायचा, सगळा भार थेट हाडांवर. खाली रुंद सीट आणि सीटला जाडजूड स्प्रिंगा. वेग बेताचा, आणि दर घराला उतरणं. बसून सलग एक तास जात नव्हता. धोतराच्या काष्ट्याला जांघेत शिवण नसते, हेही लक्षात घ्या. तुमची सायकल, तुम्ही लिहिलंय त्यावरून, ड्रॉप हँडलची, म्हणजे रेसिंगसारख्या खाली वळलेल्या हँडलची आहे. तिच्यावर भार पुढे सरकतो, सीट अरुंद आणि स्प्रिंगशिवाय असते. पुण्याहून जुन्या हायवेने लोणावळा करून परत आलात की सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतात. दोन कामं वेगळी, कपडेही वेगळे. रोज आठ-दहा किलोमीटर ताठ बसून ऑफिसला जाणाऱ्याने पॅडची शॉर्ट घेतली नाही तरी काही बिघडत नाही, हे मात्र तुमचं खरं.

शॉर्टला दोष देण्याआधी सीटची उंची बघा. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यांत खाली न्या. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे, कंबर एका बाजूला न झुकता. कंबर झुकत असेल तर सीट उंच आहे. चालवताना कुल्ले डावी-उजवीकडे डुलतात आणि जगातली कुठलीही शॉर्ट त्या घासण्याला पुरी पडत नाही. एका वेळी 3 ते 5 मिलिमीटरच खाली घ्या. सीट आडवी ठेवा, पुढचं टोक फार तर एक-दोन अंश खाली. त्याहून जास्त खाली केली की तुम्ही पुढे घसरता आणि हात दुखायला लागतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून उभ्याने दहा-पंधरा पेडल मारा. बधिरपणा राइड संपल्यावरही राहत असेल तर शॉर्ट बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

धुण्याचं थोडक्यात, कारण चांगल्या शॉर्टचं बहुतेक नुकसान तिथे होतं. थंड पाणी, सौम्य साबण, उलटी करून. मशीनमध्ये टाकायची तर जाळीच्या पिशवीत, नाहीतर दुसऱ्या कपड्याचं वेल्क्रो लायक्राचे धागे ओढतं. फॅब्रिक कंडिशनर नको, त्याचा थर बसून घाम ओढणं थांबतं. गरम पाणी, इस्त्री आणि कडक ऊन इलॅस्टेनला मारतात. पिळू नका, पिळल्याने पॅडचे थर सुटतात आणि कायमची घडी पडते. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, पॅड रात्रभरात वाळत नाही. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून वर उभे राहा, मग पॅड बाहेर काढून पंख्याखाली टांगा. आणि मागच्या चाकाला मडगार्ड लावा. चाकावरून उडणारी बारीक रेती पॅडमध्ये शिरली की ते सँडपेपर होतं.

तुमच्या बाबतीत नक्की काय चुकतंय हे सांगायला प्रतिक्रियेतली माहिती अपुरी आहे. दुखतं कुठे? दोन हाडांवरच ठणकत असेल तर सीटची रुंदी आणि दबलेलं पॅड यांचा संशय. जांघेत सोलवटत असेल तर साइझ किंवा अंडरवेअर. पुढे मुंग्या येत असतील तर ते जेल आणि सीटचं वर उचललेलं टोक. एकाच बाजूला दुखत असेल तर उंची. पुठ्ठ्यावरच्या दोन खळग्यांमधलं अंतर आणि सीटची सगळ्यांत रुंद जागी भरलेली रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, खाली लिहा. तोवर नवी शॉर्ट घेऊ नका.