ऑर्गनायझिंगची इंटर्न म्हणजे वकिलाच्या हाताखालची पोरगी नव्हे

दरवर्षी दोन-चार पोरंपोरी मेसेज करतात, ताई अमुक लीगल एड संस्थेत (म्हणजे गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या) कम्युनिटी ऑर्गनायझिंगची, म्हणजे लोकांना भेटून एकत्र आणायच्या कामाची, इंटर्नशिप निघालीये, करू का? यावेळी एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक चिकटवायला बरं.

करा. पण आधी एवढं विचारून घ्या की मला दारोदार पाठवणार का फायली लावायला बसवणार. माझ्या पहिल्या संस्थेने (नाव नको) दीड महिना मला झेरॉक्स आणि एक्सेल शीटवर ठेवलं आणि सर्टिफिकेटवर मात्र ऐटीत छापलं, 'कम्युनिटी ऑर्गनायझर'. त्या दीड महिन्यात मी ऑफिसबाहेरचा एक माणूस पाहिला नव्हता.

दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच दिवशी हातात एक पॅड दिलं आणि एक बिल्डिंग दिली. भाडेकरूंना घर खाली करायच्या नोटिसा आलेल्या. मी घरून पाठ करून गेलेली, "आम्ही मोफत कायदेशीर मदत देतो, तुमचे हक्क असे असे..." तिसऱ्या वाक्याला दार बंद. दोन मजले असेच गेले. मग सोबतची सिनियर म्हणाली, अगं तू सांगू नकोस, विचार. सत्तर टक्के ऐकायचं आणि तीस टक्के बोलायचं, हा या लाइनमधला जुना हिशोब. पुढच्या दाराशी मी फक्त विचारलं, घरात काय काय बिघडलंय? त्या काकूंनी काही न बोलता सरळ बाथरूममध्ये नेलं. छताचे पोपडे पडलेले, गंजलेली सळई दिसत होती आणि खाली बादली. नोटिशीबद्दल चकार शब्द नाही. वरच्या मजल्यावर गेलो तर त्याच कोपऱ्यात तीच ओल! दोघी एकमेकींशी कधी बोललेल्याच नाहीत, वरचीला वाटायचं आपलंच नशीब फुटकं. वकिलाकडे गेल्या असत्या तर दोन वेगळ्या फायली झाल्या असत्या, पाइप मात्र एकच फुटलेला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. वकील फायली बघतो, आणि बघायलाच पाहिजेत, पण पाइप एकच आहे हे शोधणारं कुणीतरी लागतं आणि ते काम इंटर्नचं आहे.

कॅलिफोर्नियातलं एक उदाहरण मी सगळ्यांना सांगते. तिथे शेतमजुरांना आखूड दांड्याची कुदळ द्यायचे, दिवसभर कमरेत वाकून काम. मुकादमाची सोय अशी की कोणी सरळ उभा दिसला की तो काम करत नाहीये हे लांबूनच कळायचं. पाठी कायमच्या जायच्या लोकांच्या. कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स ही लीगल एड संस्था १९६६ मध्ये सुरू झाली, तिच्या वकिलांनी ही केस लढवली आणि १९७५ मध्ये ती कुदळ बंद झाली. आता ही तक्रार काही कायद्याच्या पुस्तकात सापडली नव्हती हो, ती मजुरांच्या तोंडूनच आली, कुणीतरी ती ऐकून घेतली म्हणून पुढचं सगळं झालं.

बाय द वे, अमेरिकेत लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन नावाची सरकारी पैसा वाटणारी संस्था आहे, १९७४ च्या कायद्याने झालेली. तिच्या पैशातून लोकांची संघटना बांधायला मनाई आहे, लोक स्वतःहून संघटना काढत किंवा चालवत असतील तर त्यांना कायदेशीर सल्ला दिलेला चालतो. शिवाय १९९६ पासून तिच्याकडून पैसे घेणाऱ्या संस्थांना क्लास अॅक्शनच्या, म्हणजे एकच तक्रार असलेल्या सगळ्यांच्या वतीने मिळून एकच, अशा केसेस करता येत नाहीत. म्हणजे एकेकट्याला मदत करा, चालेल, एकत्र आणू नका. यावरूनच कळतं नक्की कशाची धास्ती आहे ती. म्हणून इंटरव्ह्यूला बिनधास्त विचारा, ही पोस्ट कुणाच्या पैशातून आहे आणि त्यात मी काय करायचं नाही.

दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या ठेवा. एक, तुम्ही वकील नाही. "माझी केस जिंकेल का" याला उत्तर देऊ नका, अगदी गळ घातली तरी नाही, अपॉइंटमेंट लावून द्या. दुसरं, मीटिंगमध्ये चारचौघांसमोर कुणाला वकिलाशी काय बोलणं झालं ते सांगायला लावू नका, वकील आणि अशील यांच्यातल्या गुप्ततेचं संरक्षण अशाने जाऊ शकतं. मी एकदा उत्साहात ही चूक करणार होते, सिनियरने टेबलाखालून पाय दाबला.

आणि पैशाचं. बिनपगारी इंटर्नशिप मला अजिबात पटत नाही. ज्यांच्या घरी नोटीस आलीये त्यांच्याच पोरीने हे काम सगळ्यात भारी केलं असतं, पण तिला तीन महिने फुकट राबणं परवडत नाही, मग येतो कोण, ज्याचं घर सेफ आहे तो. वर आम्हीच म्हणतो लोक विश्वास ठेवत नाहीत.

बाकी मीटिंगचं काय सांगू. पहिल्या मीटिंगला सव्वीस जण येतो म्हणाले, मी खुर्च्या मांडून बसले, आले पाच. हो म्हणणाऱ्यातले निम्मे धरायचे आणि आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करायचा हे मला माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी यादी घेऊन फोनला बसले तर बाथरूमवाल्या काकूंनी कागद ओढूनच घेतला, म्हणाल्या तुझा फोन कोण उचलणार, मी करते. एकोणीस आले. इंटर्नशिप संपल्यावर महिनाभराने मी त्यांना सहज फोन केला तर म्हणे आत्ता मीटिंग चालू आहे, नंतर कर, आणि कट.

पाइप दुरुस्त झाला. नोटिसांची केस मी निघाले तेव्हा चालूच होती.