मोझी

हंगेरियन भाषेतला एक शब्द मला फार आवडतो. मोझी! सिनेमालाही तोच, थेटरलाही तोच. 'हलतं चित्र'साठी त्यांच्याकडे एक लांबलचक शब्द होता. त्याचं शेपूट छाटून १९०७ च्या सुमारास येनो हेल्ताई या लेखकाने कॅबरेसाठी, म्हणजे गाणी आणि थट्टामस्करीच्या रंगमंचीय खेळासाठी, तो वापरला, असं मानतात. बघता बघता देशाच्या तोंडी बसला. पुढे त्याचं क्रियापदही झालं. आपण छापताना 'चित्रपट' आणि बोलताना 'पिक्चर' म्हणणारे, म्हणून जरा हेवाच वाटतो.

हलती चित्रं दाखवणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा खेळ बुडापेस्टात १० मे १८९६ ला झाला, हॉटेल रॉयलमध्ये. मुंबईत वॉटसन हॉटेलात तो आला ७ जुलैला, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांनी. दोन्हीकडे बडं हॉटेल आणि बाहेरून आलेलं यंत्र. पण बुडापेस्टात सिनेमाने मूळ धरलं ते हॉटेलात नाही. त्याच वर्षी सिक्लाई बंधूंनी आंद्राशी मार्गावर, म्हणजे ऐन बड्या लोकांच्या वस्तीत, खेळ सुरू केले. लवकरच गाशा गुंडाळावा लागला. चाललं ते वेलेन्त्से कॅफेत. मोर उंगरलायडर आणि योझेफ नॉयमान यांनी तिथे फिल्म दाखवायला सुरुवात केली आणि पुढे त्यातूनच 'प्रोजेक्टोग्राफ' ही कंपनी उभी राहिली.

कॅफेच का? कारण तिथला माणूस तसाही एका कॉफीवर तासन्‌तास बसायचा, पेपर वाचायचा, वाद घालायचा. सिनेमासाठी त्याला मुद्दाम उठून कुठे जावं लागलं नाही, सिनेमाच त्याच्या टेबलापाशी आला. माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

कॅबरेचंही तेच. माल पॅरिसचा. पण बुडापेस्टात त्याला उभा केला एंद्रे नॉद्यने, आणि हा गृहस्थ बोलताना चक्क अडखळायचा! दोन गाण्यांच्या मध्ये रंगमंचाच्या पडद्यापुढे येऊन राजकारण्यांची टर उडवायची हे त्याचं काम. लोक गाण्यांइतकेच त्याच्या बोलण्यासाठी यायचे. त्याच काळात एंद्रे आदी या कवीच्या कवितांना बेला राइनित्स या संगीतकाराने चाली लावल्या आणि त्या कॅबरेत गायल्या जाऊ लागल्या. पॅरिसच्या साच्यात हंगेरियन कविता! 'परकं आलं की आपलं बुडालं' म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवतो. अर्थात हे सगळं राजधानीचं कौतुक झालं. खेड्यांतलं चित्र निराळं होतं.

एक गोष्ट राहिलीच. हंगेरीत ठरवून केलेली पहिली फिल्म १९०१ ची, नाव 'नाच'. उरानिया नावाच्या संस्थेत नाचावर व्याख्यान होतं, त्याला जोड म्हणून ती काढली. प्रकाश हवा, म्हणून चित्रण इमारतीच्या गच्चीवर. नावाजलेले नट-नट्या भर उन्हात गच्चीवर नाचताहेत, हे नुसतं डोळ्यांपुढे आणून बघा. ती फिल्म आज उरलेली नाही. इमारत मात्र आहे, आणि तिथे अजून मोझी चालतो.